स्टेपनी

स्टेपनी हा मोटार, मालमोटार, रिक्षा, स्कूटर अशा वाहनांसोबत बाळगल्या जाणाऱ्या जादा चाकासाठी मराठीत रूढ असलेला शब्द आहे. चालते चाक पंक्चर झाल्यास किंवा टायर फुटल्यास त्याच्या जागी हे चाक चढवले जाते. शब्द इंग्रजीतून आला असला, तरी आजच्या ब्रिटनमध्ये तो जवळजवळ विस्मरणात गेला आहे. तेथे ‘स्पेअर व्हील’ असे म्हणतात. भारत, बांगलादेश आणि माल्टा येथे मात्र तो टिकून आहे. ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेत त्याचेच ‘इस्तेपी’ असे रूप झाले आहे.

व्युत्पत्ती

हा शब्द मुळात एका रस्त्याच्या नावावरून आला. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथील थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ साली मोटारीसाठी एक जादा चाक तयार केले आणि ते ‘स्टेपनी’ या नावाने विकले जाऊ लागले. लंडनमध्ये स्टेपनी नावाचा भाग असल्याने चाकाचे नाव त्यावरून पडले, असा समज आढळतो; तो बरोबर नाही.

त्या काळच्या मोटारींची चाके आजच्यासारखी चटकन काढता येत नसत. पंक्चर झाले की रस्त्याच्या कडेला बसून टायर उतरवायचा, ट्यूब दुरुस्त करायची आणि पुन्हा हवा भरायची, एवढाच मार्ग असे. घोडागाड्यांच्या त्या दिवसांत वाटेवर नालांचे खिळेही भरपूर पडलेले असत. डेव्हिस यांचे चाक म्हणजे आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरसह तयार ठेवलेली धाव होती. पंक्चर झालेले चाक न काढता ती त्याच्या बाजूला पकडींनी घट्ट बसवली जाई. पुढे नट काढून संपूर्ण चाक बदलण्याची सोय झाल्यावर ही वस्तू मागे पडली. मराठीत आज जिला स्टेपनी म्हणतात, ती या अर्थाने मूळची स्टेपनी नव्हे. तिची जागा घेणाऱ्या चाकाला तिचे नाव मिळाले आहे.

मराठीतील रूप

मराठीत हा शब्द ईकारान्त स्त्रीलिंगी नामांप्रमाणे चालतो : ती स्टेपनी, त्या स्टेपन्या, स्टेपनीत हवा, स्टेपनीचा टायर. ‘चाक’ नपुंसकलिंगी असूनही स्टेपनी स्त्रीलिंगी झाली, ती शेवटच्या ईकारामुळे. बोलण्यात ‘स्टेफनी’ असाही उच्चार ऐकू येतो. स्टेपनी काढणे, लावणे, चढवणे ही क्रियापदे तिच्याबरोबर येतात. ‘राखीव चाक’ हा पर्याय अर्थवाही असला तरी तो लेखनापुरताच राहिला. पंक्चरच्या दुकानात तो उच्चारल्यास समोरचा क्षणभर थांबेल.

पनवेल परिसरातील वापर

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यानंतर मुंबईहून जलमार्गे पनवेलला यायचे आणि तेथून गाडीने पुणे गाठायचे, असा प्रवास होत असे. आज पुणे, गोवा आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे महामार्ग या परिसरात एकत्र येतात. शेजारच्या कळंबोलीत पोलाद बाजार आहे, तसेच २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभही तेथेच होतो. अवजड वाहनांच्या या वर्दळीत ‘स्टेपनी’ हा बाजारपेठेतला रोजचा शब्द आहे.

मालमोटारीची स्टेपनी बहुधा सांगाड्याखाली टांगलेली असते. ती खाली उतरवणे, चाकांना दगड लावणे, जॅक चढवण्यापूर्वी पान्याने नट सैल करणे ही कामे चालक आणि क्लीनर (बोलीत ‘किन्नर’) मिळून करतात. मागील जोडचाकांपैकी आतले पंक्चर झाले, तर बाहेरचेही काढावे लागते. घाट उतरताना सतत ब्रेक लावल्याने निर्माण होणारी उष्णता टायरपर्यंत पोहोचते, म्हणून खोपोलीकडून पनवेलला येणाऱ्या भरलेल्या गाडीला चांगल्या स्टेपनीचा मोठा आधार असतो. प्रत्यक्षात जुना, झिजलेला टायरच स्टेपनी म्हणून ठेवण्याची सवय सर्रास दिसते. तिच्यातील हवा तपासण्याचाही अनेकांना विसर पडतो आणि ही गोष्ट नेमकी अडचणीच्या वेळी ध्यानात येते.

द्रुतगती मार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना बंदी असल्याने ती जुन्या महामार्गाने जातात. रिक्षा आणि जुन्या धाटणीची स्कूटर यांची सर्व चाके एकाच मापाची असल्यामुळे एक स्टेपनी कोणत्याही चाकाच्या जागी चालते. मोटारसायकलची पुढची व मागची चाके सहसा वेगळी असतात. तिला स्टेपनी नसते.

लाक्षणिक अर्थ

‘ऐनवेळी लागला तर असू द्यावा’ म्हणून सोबत घेतलेल्या माणसाला गमतीने स्टेपनी म्हणतात. राखीव खेळाडू किंवा मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाल्यास उपयोगी पडावा म्हणून उभा केलेला पर्यायी उमेदवार, ही त्याची उदाहरणे. विवाहबाह्य संबंधातील स्त्रीसाठीही हा शब्द वापरला जातो. तो प्रयोग अशिष्ट आणि अवमानकारक आहे : त्यात स्त्रीला गरजेपुरत्या वापरायच्या वस्तूच्या पातळीवर आणले जाते. हिंदीसह इतर भारतीय भाषांतही हा अर्थ आढळतो.

सद्यःस्थिती

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी हवा सहसा हळूहळू जाते, त्यामुळे स्टेपनीची निकड कमी झाली आहे. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करण्यात आला. त्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास जादा चाकाची सक्ती राहिलेली नाही. काही मोटारींना मूळ चाकापेक्षा लहान किंवा अरुंद स्टेपनी दिली जाते. ती लावल्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते. सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींत टाकीने डिकीची जागा घेतल्याने अनेकदा स्टेपनी तिच्याखाली अडकते आणि चाक बदलण्याआधी ती बाहेर काढण्याचीच खटपट करावी लागते. मात्र टायरची बाजू फाटल्यास दुरुस्तीच्या संचाचा उपयोग होत नाही. अशा वेळी स्टेपनी नसलेली मोटार ओढूनच न्यावी लागते.