एक आराखडा, अनेक हात

नगर वसविणे हे कुणा एकट्याचे काम नव्हे. योजक, शासन, रेल्वे आणि मूळचे रहिवासी ह्या सर्वांची पावले एका दिशेने पडली नाहीत, तर उत्तम आराखडाही कागदावरच राहतो. नवी मुंबईच्या इतिहासाकडे आम्ही ह्याच दृष्टीने पाहतो.

१९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनी ‘मार्ग’ ह्या नियतकालिकातून खाडीपलीकडील नव्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. कोरिया तेथे प्रमुख वास्तुशिल्पी झाले; नियोजनाची आणि बांधकामाची धुरा पटेल ह्यांच्याकडे आली. जे. बी. डिसोझा ह्यांच्यासारखे कर्तबगार प्रशासक व्यवस्थापकीय संचालक म्हणून लाभले. ज्यांनी कल्पना मांडली, त्यांच्याच हाती ती राबविण्याचे काम आले. ह्याहून अधिक एकवाक्यता ती कोणती?

परंतु कार्यालयाच्या भिंतींबाहेर चित्र निराळे होते. राज्यकारभार खाडीपलीकडे हलला म्हणजे नोकऱ्या आणि माणसे मागोमाग येतील, अशी योजकांची अपेक्षा होती. शासन मात्र दक्षिण मुंबईतच राहिले. १९८१ साली नवे विधान भवनही नरिमन पॉइंट येथेच उभे राहिले. एका हाताने नवे शहर उभारावे आणि दुसऱ्या हाताने जुन्याची गर्दी वाढवावी, असा हा प्रकार होता.

रेल्वेचीही तीच कथा. खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला, तेव्हा मानखुर्द-वाशी मार्ग साकारला. १९९२ साली त्यावरून गाडी धावली, म्हणजे सिडकोच्या स्थापनेनंतर तब्बल २२ वर्षांनी!

सर्वांत मोठी उणीव मात्र निराळीच होती. ज्या ९५ गावांच्या भूमीवर हे शहर उभे राहावयाचे, तेथील आगरी-कोळी कुटुंबांना ह्या कार्यात भागीदार मानले गेले नव्हते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जासई व दास्तान फाटा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस देण्याची योजना त्यानंतर आली. भूमिपुत्रांचा वाटा मान्य झाला, पण त्यासाठी रक्त सांडावे लागले.

संस्था लहान असो वा मोठी, तिच्यातील एकोपा केवळ ठरावांनी साधत नाही. ज्यांच्या खांद्यावर भार पडणार, त्यांना आरंभीच विचारावे लागते आणि फळातही त्यांचा वाटा ठेवावा लागतो. आमच्या घरांखालची जमीन ज्यांची होती, त्यांच्याकडून नवी मुंबईकरांनी एवढा धडा तरी घ्यावयास हवा.