बाहुलीला दप्तर नसतं: वर्ध्याच्या मातीतून इतिहास कसा वाचायचा?

पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज एक साधा प्रश्न घेऊ. जी वस्तू दरवर्षी बनते आणि दरवर्षी पाण्यात जाते, तिचा इतिहास लिहिता येतो का?

उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात मुली भुलाबाई मांडतात. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर, आणि मांडीवर बाळ गणपती. मूर्ती मातीची, कुंभाराकडून आणलेली नाहीतर घरीच केलेली. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर उभारायचा. रोज संध्याकाळी गाणी, मग डबा हलवून खिरापत ओळखणं. आणि सण संपला की बहुतेक ठिकाणी मूर्ती शिरवली जाते. म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलीला गेल्या वर्षीची बाहुली दिसतच नाही. ती पुन्हा बनते ती फक्त आठवणीतून आणि हाताच्या सवयीतून.

आता तिच्या शेजारी दुसरी वस्तू ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात आणि बोजारा मिळवतात. सेलू तालुक्यातल्या सिंदी (रेल्वे) चा तान्हा पोळा मोठमोठ्या नंदींसाठी प्रसिद्ध आहे. हा नंदी सुताराने घडवलेला, चाकांवर उभा, रंग उडाला की पुन्हा रंगवायचा. आजोबांचा नंदी नातवाकडे येतो.

माती आणि लाकूड

फरक लक्षात आला का? दोन्ही गोष्टी एकाच गावातल्या, दोन्ही लेकरांच्या सणातल्या. पण एक लाकडाची, म्हणून टिकते, घरात जपली जाते, तिचा फोटो निघतो. दुसरी मातीची, म्हणून विरघळते. तान्ह्या पोळ्याला तर परंपरेनं संस्थापकही दिलाय: नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांचं नाव सांगितलं जातं. भुलाबाईच्या मागे असं कोणत्याही राजाचं नाव जोडलं जात नाही.

मुलांचा सण जुना आणि मुलींचा नवा, असं यावरून कुणी म्हणेल तर थांबवा. पुरावा टिकणं आणि गोष्ट घडणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. संशोधनाच्या पहिल्या वर्षी हा एकच धडा पक्का झाला तरी पुष्कळ.

कच्च्या मातीचा एक अपवाद

कधी कधी कच्ची मातीही टिकते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे इ.स.पू. १३०० च्या सुमाराची मातीची एक झाकणाची पेटी मिळाली. आत एक बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, सोबत डोकं असलेली आणखी एक स्त्री आणि एक बैल. सगळं कच्च्या मातीचं. बिनडोक्याच्या मूर्तीला आणि बैलाच्या पाठीला छिद्रं होती. काडी घातली की ती मूर्ती बैलावर बसते.

बाई आणि बैल! लगेच भुलाबाई आणि नंदी आठवतात ना? इथेच सावध व्हा. मधली तीन हजार वर्षं रिकामी ठेवून दोन टोकं जोडता येत नाहीत. इनामगावचा उपयोग आपल्याला वेगळा आहे. ती मूर्ती देवी मानली गेली, कारण ती पेटीत घालून घराच्या जमिनीखाली मुद्दाम पुरलेली होती. तीच उकिरड्यात सुटी सापडली असती, तर यादीत कदाचित 'खेळणं' अशी नोंद झाली असती. वस्तू तीच, पण संदर्भ बदलला की अर्थ बदलतो. आणि भुलाबाई तर एकाच संध्याकाळी दोन्ही असते: आधी पूजा, मग खेळ. 'खेळणं की देव' हा प्रश्न आपला आहे. मांडणाऱ्या मुलीला तो पडलेला नसतो.

वर्ध्याची कपाटं काय सांगतात?

वर्ध्यात हस्तव्यवसायावर काम करायचं म्हटलं की पावलं सेवाग्राम आणि मगनवाडीकडे वळतात. बरोबरच आहे. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ इथे सुरू झाला, १९३८ मध्ये मगन संग्रहालय उभं राहिलं. ऑक्टोबर १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने मूलोद्योग सुचवले: सूतकताई-विणकाम, सुतारकाम, शेती, फळं-भाज्यांची बाग, चामड्याचं काम आणि स्थानिक परिस्थितीला जुळणारा कोणताही उद्योग. भर होता तो शाळेचा खर्च भागवू शकेल अशा उपयोगी उत्पादनावर. या चौकटीत सुतार सहज बसतो. भुलाबाई करणारी मुलगी बसवायला शेवटच्या कलमाचाच आधार घ्यावा लागतो, आणि तिची वस्तू तर विकण्यासाठी नसतेच.

पण याच सेवाग्रामात १९४४ मध्ये शांतिनिकेतनहून देवी प्रसाद कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. मुलाने काय बनवलं यापेक्षा बनवताना त्याच्यात काय घडलं, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. बाहुलीकडे बघायला ही नजर जास्त कामाची आहे.

सरकारी कागद वाचतानाही हेच भान ठेवा. रसेलने संपादित केलेलं वर्धा गॅझेटिअर १९०६ चं, रसेल-हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा ग्रंथ १९१६ चा. या ग्रंथाची रचना जातींच्या नावानुसार आहे, म्हणून त्यात कुंभार शोधता येतो. पण घरी माती मळणारी मुलगी ही जात नाही, त्यामुळे तिच्यासाठी तिथे मथळाच नाही. १९६१ च्या जनगणनेसोबत निघालेले जत्रा-उत्सवांचे अहवाल जरूर बघा, आणि प्रत्येक वेळी विचारा: हे कुणाला विचारून लिहिलं?

मग करायचं काय?

पुरावा कपाटात नसेल तर हातात शोधा. साठी-सत्तरीच्या बायकांना 'भुलाबाईबद्दल माहिती सांगा' असं म्हणू नका, दोन वाक्यांत उत्तर संपेल. मातीचा गोळा पुढे ठेवा आणि 'करून दाखवा' म्हणा. माती कुठली, त्यात काय मिसळलं, आधी धड की आधी मांडी, डोळे कशाने, हे सगळं टिपा. नातीला शेजारी बसवा. आजी तिला कुठे टोकते, ते लिहून घ्या. शिकवण्याची रीत तिथेच उघडी पडते. मग तुलना करा: पश्चिम महाराष्ट्रात भोंडल्याला पाटावर हत्ती काढतात, विदर्भात मातीचं जोडपं बसतं. हा फरक का, यावर एक आख्खा प्रबंध उभा राहू शकतो.

घाई मात्र आहे. साच्यातल्या रंगीत मूर्ती बाजारात तयार मिळतात. घरी करणारे हात थांबले की या विषयाचं साधन संपलं. पेशव्यांचं दप्तर अजून शंभर वर्षांनीही वाचता येईल, आजीचे हात नाही. म्हणून सिनॉप्सिस मंजूर होण्याची वाट बघू नका. या भाद्रपदात वही घेऊन निघा.