पाण्याची नाडी

प्रवरा रतनगडावरून उतरते आणि थोडं अंतर कापलं की भंडारदऱ्याला अडते. तिला अडवण्याचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं. ८२ मीटर उंचीच्या त्या दगडी भिंतीमुळे खालच्या कोरड्या रानात कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने आले. हा इतिहास नगर जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. माशांच्या बाजूनं मात्र तो क्वचितच सांगितला जातो.

घाटमाथ्यावरच्या नद्यांतले कितीतरी मासे पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि अंडी घालतात. खळाळत्या, गार पाण्याची त्यांना सवय असते, कारण अशा पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. भिंत उभी राहिली की वरचं पाणी थबकतं, तळाशी गाळ बसतो, खोलवर प्राणवायू कमी पडतो. मासा तोच, पण पाणी बदललेलं. घरातल्या काचेच्या टाकीतला मासा आजारी पडतो तोही बहुतेक वेळा याच कारणानं. त्याच्या शुश्रूषेचा इतिहास पाहिला, तर माणसाची नजर माशावरून पाण्याकडे वळायला किती वेळ लागला ते दिसतं.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’मध्ये कोणत्या माशाला काय चारावं हे बारकाईनं लिहून ठेवलं. पण हे सारं मासा गळाला लागावा म्हणून. मासा जगवण्याचा विचार वेगळ्याच गरजेतून आला.

१८४९ मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं एका टाकीत वाळू-गोटे घातले, पाणवनस्पती लावली आणि दोन गोल्डफिश सोडले. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा हिशेब होता. पण वनस्पतीची पानं कुजू लागली आणि पाणी गढुळलं. वॉरिंग्टननं माशांवर काही उपाय केला नाही. त्यानं टाकीत गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. पुढची गोष्ट तर फारच विलक्षण आहे. याच वॉरिंग्टनचा मुलगा, नावानं तोही रॉबर्ट, इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत मातीवर काम करत होता. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतं, आणि ही दोन कामं दोन वेगवेगळे सूक्ष्मजीव करतात, हे त्याच्या प्रयोगांतून पुढे आलं. वडिलांच्या टाकीतलं उरलेलं कोडं मुलानं शेतातल्या मातीत सोडवलं, असं म्हणायला हरकत नाही.

कारण मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो, आणि तोच साचला की कल्ले जाळतो. नव्या टाकीत हे सूक्ष्मजीव रुजायला काही आठवडे लागतात. तोवर मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतो, पर मिटून कोपऱ्यात बसतो. घरची मंडळी घाबरून औषध ओततात. त्याला हवं असतं थोडं थोडं बदललेलं पाणी आणि दोन दिवस कमी खाणं.

औषधाचीही कथा आहे. १८७६ मध्ये फूके या फ्रेंच अभ्यासकानं माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठवणाऱ्या परजीवीचं वर्णन केलं. त्याच वर्षी जर्मनीत हाइनरिख कारो यानं कापड रंगवण्यासाठी मिथिलीन ब्लू तयार केलं. एकाला दुसऱ्याची खबर असण्याचं कारण नव्हतं. आज मत्स्यालयाच्या कुठल्याही दुकानात ठिपक्यांची तक्रार सांगितली की बहुधा तीच निळी बाटली पुढे येते. पण ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या कातडीखाली सुरक्षित असतो, औषध तिथवर पोचत नाही. तो पिकला की गळून तळाशी बसतो, त्याची शेकडो पिल्लं होतात आणि नवा मासा शोधत पोहू लागतात. औषधाला ती सापडतात ती तेव्हाच. म्हणून ठिपके गेले तरी उपचार सुरू ठेवावे लागतात. गार पाण्यात हे चक्र लांबतं, म्हणून थंडीत टाकीला हीटर लावतात. उपचार होतो तो पाण्यावर.

महाराष्ट्रात ही विद्या सरकारी खात्यात रुजली. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलं. आठ लाखांच्या खर्चातले दोन लाख तारापोरवाला यांच्या देणगीचे होते. मत्स्यव्यवसाय खात्यातलं एक मोठं नाव म्हणजे डॉ. चं. वि. कुलकर्णी. १९४० मध्ये त्यांनी कोकण किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या, जवळजवळ पारदर्शक माशाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं होराइक्थिस सेटनाय. पहिला शब्द मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांसाठी, दुसरा खात्याचे प्रमुख एस. बी. सेटनांसाठी. ‘मानसोल्लास’मधल्या मत्स्यप्रकरणाकडे पुढे अभ्यासकांचं लक्ष वेधलं तेही याच होरांनी.

कुलकर्णींचं सगळ्यांत मोलाचं काम मात्र लोणावळ्याला, टाटांच्या वळवण तलावावर झालं. तो तलाव आणि भंडारदऱ्याचं धरण एकाच काळातले, एकाच सह्याद्रीतले. महासीर हा नदीतला राजा मासा धरणं, सुरुंग आणि बेसुमार मासेमारीनं कमी होत चालला होता. १९७० च्या दशकात कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी वळवणला त्याची कृत्रिम पैदास बसवली. ट्रेमध्ये पसरलेल्या पिवळसर सोनेरी अंड्यांवरून पाणी सतत वाहतं ठेवायचं. एखादं अंडं मेलं की पांढरं पडतं, त्यावर बुरशीचा कापूस उगवतो आणि शेजारच्या जिवंत अंड्यांना गिळत जातो. म्हणून पांढरं अंडं दिसलं रे दिसलं की उचलायचं. धीराची, डोळे शिणवणारी शुश्रूषा आहे ही. याच दोघांनी ही अंडी पाण्याऐवजी ओल्या कापसात ठेवून विमानानं दूर पाठवता येतात हेही दाखवलं. वळवणची पिल्लं मग इतर राज्यांतल्या नद्या-तलावांत सोडली गेली.

काही मासे वाचत नाहीत. अंगात पाणी भरून मासा फुगला, सगळे खवले उभे राहिले, की आशा थोडीच असते. पूर्वी असा मासा बर्फात टाकत, नाहीतर जिवंतच गटारात सोडत. दोन्ही प्रकार क्रूर, आणि दुसऱ्यानं रोग बाहेरच्या पाण्यात जातो. १९७० च्या दशकात जपानी संशोधकांनी लवंगेतल्या युजेनॉलनं माशांना भूल देता येते हे तपासलं. दातदुखीवरचं तेच लवंगतेल आता दोन कामांना येतं. थेंबभर आधी कोमट पाण्याच्या बाटलीत हलवून दुधाळ करतात आणि वेगळ्या भांड्यातल्या टाकीच्याच पाण्यात हळूहळू मिसळतात. त्यात मासा शांत होतो, जखम तपासता येते. अखेरच द्यायची असेल तर मासा निपचित झाल्यावर मात्रा वाढवतात, आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यानंतरही किमान दहा मिनिटं त्याला त्याच पाण्यात राहू देतात.