दोन घड्याळांचा तिढा : घरगुती चित्रमुद्रणातील आवाजाच्या जुळणीचा इतिहास

व्हीएचएस कॅसेटवरील चित्रण घरच्या संगणकात उतरवून घेण्याचा उद्योग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला, तेव्हा त्यात पडलेल्यांना सर्वाधिक छळले ते चित्राच्या धूसरपणाने नव्हे, तर आवाजाच्या विसंगतीने. पहिली पाच मिनिटे सर्व काही ठाकठीक असे, अर्ध्या तासानंतर बोलणाऱ्याचे ओठ आधी हलू लागत आणि शब्द मागून येत, आणि तासाभराने तर मंगलाष्टक संपून अक्षता पडल्यावर ‘सावधान’ ऐकू येई. हा दोष बहुधा संगणकाच्या संथपणावर ढकलला जात असे. पण त्याचे मूळ चित्र आणि ध्वनी यांचा काळ दोन वेगळ्या घड्याळांनी मोजला जाण्यात होते आणि त्या मुळाचा इतिहास संगणकापेक्षा बराच जुना आहे.

व्हायटाफोन या १९२६ च्या अमेरिकी पद्धतीत चित्र फिल्मवर आणि ध्वनी स्वतंत्र तबकडीवर असे. फिल्मचा तुटलेला तुकडा काढून ती जोडली किंवा तबकडीवरची सुई उडाली, की दोहोंची जुळणी बिघडे. ध्वनी फिल्मच्याच कडेवर प्रकाशरेषेच्या रूपात उमटवण्याची पद्धत आल्यावर हा धोका टळला, आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकलेला ‘आलम आरा’ तर चित्र आणि ध्वनी एकाच वेळी एकाच फिल्मवर टिपणाऱ्या टॅनर यंत्रणेवर मुद्रित झाला होता. पुढे संकलनाच्या सोयीसाठी ध्वनी पुन्हा वेगळ्या यंत्रावर घेतला जाऊ लागला, तेव्हा दोहोंचा आरंभबिंदू जुळवण्यासाठी क्लॅप आला आणि दोहोंचा वेग जुळवण्यासाठी, टेपवर कॅमेऱ्याच्या गतीची खूण सतत उमटवत राहणारा पायलट-टोन आला, जो स्टेफान कुडेल्स्की यांच्या नाग्रा ध्वनिमुद्रकामुळे जगभर रूढ झाला. आरंभ जुळणे आणि वेग जुळणे या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे चित्रपटसृष्टी अशा रीतीने संगणक घरोघरी पोहोचण्यापूर्वीच शिकली होती. जेव्हीसीने १९७६ मध्ये आणलेल्या व्हीएचएसने घरच्या प्रेक्षकाला हा प्रश्न पडूच दिला नाही, कारण चित्र आणि ध्वनी एकाच फितीवर असल्याने फीत हळू फिरली तरी दोन्ही एकदमच हळू होत.

संगणकाने ही जोडी फोडली. ब्रुकट्रीच्या बीटी८४८ या चिपवर आधारलेल्या स्वस्त कॅप्चर कार्डांमुळे (कॅप्चर कार्ड म्हणजे दूरचित्रवाणीच्या विद्युत्-संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारी पट्टी) चित्र संगणकात येऊ लागले, पण ध्वनी मात्र व्हीसीआरमधून निघालेल्या वेगळ्या वायरीने साउंड कार्डाच्या ‘लाइन-इन’ खाचेत जाई, आणि साउंड कार्ड हे मुळात खेळांच्या आवाजासाठी वाढलेले, चित्राशी कसलाही संबंध नसलेले यंत्र होते. चित्राची गती कॅसेटकडून येणाऱ्या संकेतावर ठरे, तर ध्वनीची गती साउंड कार्डावरील क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर. ध्वनी संगणकात साठवताना त्याची उंची सेकंदाला ठरावीक वेळा मोजली जाते. प्रत्येक मोजणीला नमुना म्हणतात आणि मोजणीच्या वेगाला नमुना-दर. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो असे सांगणारे कार्ड प्रत्यक्षात त्याहून किंचित कमी किंवा अधिक नमुने घेई. गाणी ऐकताना हा फरक कोणाच्याही कानाला जाणवत नाही, पण हजारात एक इतकी तफावतसुद्धा तासाभरात ३.६ सेकंदांवर जाते. विशेष म्हणजे ४४,१०० हा आकडाच मुळात व्हिडिओकडून आलेला आहे, कारण आरंभीचे डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ फितींवर होत असे आणि प्रत्येक ओळीत तीन नमुने, क्षेत्राला (म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या फ्रेमला) २९४ ओळी, सेकंदाला ५० क्षेत्रे असा तो गुणाकार होता. घरच्या संगणकात मात्र या दोन गणितांची फारकत झाली.

या फारकतीवर पांघरूण घालण्याऐवजी तत्कालीन फाइलपद्धतीने ती अधिकच उघडी पाडली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘व्हिडिओ फॉर विंडोज’बरोबर आणलेल्या एव्हीआय फाइलमध्ये चित्राचे आणि ध्वनीचे तुकडे आलटूनपालटून ठेवलेले असतात, पण कोणती फ्रेम नेमकी कोणत्या क्षणाची, याची नोंद कुठेच नसते. फाइलच्या आरंभी ‘सेकंदाला २५ फ्रेम’ असे एकदा लिहिले की पुढची प्रत्येक फ्रेम ४० मिलिसेकंदांची धरली जाते. या लेखात मांडलेल्या साऱ्या अडचणींत ही उणीव सर्वांत महागात पडली. दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीचे ७२० बाय ५७६ बिंदूंचे चित्र संक्षेप न करता साठवायचे, तर सेकंदाला सुमारे २० मेगाबाइट लिहावे लागत आणि त्या काळातील सामान्य हार्ड डिस्कला ते झेपत नसे. डिस्क अडखळली की फ्रेम गळे. गळलेल्या फ्रेमच्या जागी ‘मागचीच फ्रेम पुन्हा दाखवा’ अशा अर्थाची रिकामी नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर असेल तर निभावून जाई, अन्यथा २५ फ्रेम गळल्या की चित्र एका सेकंदाने आखूड होऊन आवाजाच्या पुढे धावू लागे.

दोष कॅसेटकडेही होता. फीत ताणलेली असते, तिच्यावर मधूनमधून कोऱ्या जागा असतात, आणि अशा ठिकाणी संकेत डळमळला की कॅप्चर कार्डाला फ्रेमची सुरुवातच सापडत नाही, तर साउंड कार्ड आपले नमुने शांतपणे घेत राहते. डळमळीत संकेत क्षणभर साठवून समान अंतराने पुढे सोडणारे टाइम बेस करेक्टर नावाचे यंत्र दूरचित्रवाणी केंद्रांत १९७० च्या दशकातच डिजिटल रूपात पोहोचले होते, पण घरी कॅसेट उतरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते परवडले.

उरलेल्यांसाठी आधार ठरला तो व्हर्च्युअलडब हा कार्यक्रम, जो एव्हरी ली यांनी विद्यार्थिदशेत लिहून सर्वांसाठी मोफत आणि खुला ठेवला. या उद्योगाच्या इतिहासात कोणत्याही कंपनीच्या उत्पादनापेक्षा त्याला मोठे स्थान द्यावे लागेल. त्याची कार्यपद्धती एका उदाहरणाने स्पष्ट होते. दीड तासाच्या कॅसेटमधून १,३५,००० फ्रेम मिळाल्या, म्हणजे सेकंदाला २५ या हिशोबाने चित्र ५,४०० सेकंदांचे झाले. पण साउंड कार्ड जरा जलद चालल्यामुळे ध्वनी ५,४०१.०८ सेकंदांचा भरला, तर शेवटी आवाज सेकंदभराहून अधिक मागे पडतो. व्हर्च्युअलडबमधील एक पर्याय फ्रेमची संख्या ध्वनीच्या लांबीने भागून गती २४.९९५ अशी बदलत असे आणि दोन्ही टोके जुळवत असे. मात्र डीव्हीडीला पाल पद्धतीत नेमक्या २५ फ्रेमच चालत असल्यामुळे डिस्क करायची असेल तर चित्राला हात न लावता ध्वनीचेच पुनर्नमुनीकरण करावे लागे, म्हणजे तेवढाच आवाज किंचित कमी नमुन्यांत बसवावा लागे. नंतरच्या आवृत्त्यांत हे काम कॅप्चर चालू असतानाच होऊ लागले आणि चित्राला ध्वनीमागे चालवायचे की ध्वनीला चित्रामागे, हे वापरणाऱ्याला ठरवता येऊ लागले. पायलट-टोनचेच तत्त्व येथे सॉफ्टवेअरच्या रूपाने परत आले होते. या उपायाची मर्यादाही होती. फरक सुरुवातीपासून सारखाच असेल तर आवाज तेवढा सरकवणे पुरे होते, तो समान गतीने वाढत असेल तर ताणणे योग्य ठरते. पण मध्येच एका ठिकाणी पन्नास फ्रेम गळल्या असतील, तर ताणल्याने दोन्ही टोके जुळून मधला सारा भाग बिघडतो. म्हणून जाणकार मंडळी आरंभ आणि शेवट यांच्याबरोबर मध्यही तपासत आणि त्यासाठी टाळी, फटाका किंवा आपटलेले दार असा क्षण शोधत.

भारतात पाल पद्धत असल्याने येथील कॅसेटींचे गणित पूर्णांकात बसे, कारण ४८,००० नमुन्यांच्या दराने प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर १,९२० नमुने येतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून आलेल्या तेथील एनटीएससी पद्धतीच्या कॅसेटींत मात्र सेकंदाला ३० नव्हे तर २९.९७ फ्रेम असत, आणि तेथे एका फ्रेमला १,६०१.६ नमुने येत असल्याने पाच फ्रेम मिळून ८,००८ असा हिशोब करावा लागे. ३० आणि २९.९७ यांची गल्लत झाली की फाइल तासाला ३.६ सेकंदांनी चुके.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला तो जाणवू लागतो. मागे पडलेला आवाज अधिक खपतो, याचे कारण निसर्गात दूरचा आवाज नेहमी दृश्याच्या मागूनच येतो, हे असावे. ही मर्यादा सहज पाळणारी साधने घरांत नंतर पोहोचली. एमपीईजी-२ या संक्षेपपद्धतीत चित्र आणि ध्वनी या दोहोंवर सेकंदाचे ९०,००० भाग करणाऱ्या एकाच घड्याळाचे शिक्के मारलेले असतात, पालची फ्रेम ३,६०० भागांची आणि एनटीएससीची ३,००३ भागांची. तर कॅनोपसच्या एडीव्हीसी-१०० सारख्या पेट्या ध्वनी चित्राला बांधूनच फायरवायरच्या वायरीने संगणकात पाठवत. एव्हीआयने १९९२ मध्ये अशी काळनोंद ठेवली असती, तर असंख्य घरांतील फायली दुरुस्तीविना शाबूत राहिल्या असत्या.

फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, आणि घराघरांत उरलेली यंत्रे आता दुरुस्तीच्या पलीकडे चालली आहेत. ज्यांच्या कपाटात लग्नाच्या, मुंजीच्या, आजी-आजोबांच्या बोलण्याच्या कॅसेटी अजून आहेत, त्यांनी त्या ध्वनी आणि चित्र एकाच यंत्रातून घेणाऱ्या साधनाने लवकर उतरवून घ्याव्यात, आणि फाइलचा मध्य व शेवटची पाच मिनिटे पाहून आवाज जुळल्याची खात्री होईपर्यंत मूळ कॅसेट टाकून देऊ नये.