लाकडाच्या रेषा आणि चिकटपट्टीवरचं नाव

आमच्या गटात सावंतवाडीच्या पद्धतीची लाकडी फळं रंगवली जातात. केळं पिवळं, वांगं जांभळं, आणि रंगाखाली लाकूड पार झाकून जातं. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांची हौस नेमकी उलटी. रंग असा द्यायचा की लाकडाच्या रेषा अधिकच उठून दिसाव्यात. आज आम्ही त्या रंगाची गोष्ट सांगणार आहोत, आणि त्या निमित्ताने गिटार घडवणाऱ्या बायकांचीही.

अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीची ‘लेस पॉल’ ही भरीव लाकडाची गिटार १९५२ साली आली. मागे महोगनी, वर मेपल, आणि त्या मेपलवर सोनेरी रंगाचा थर. १९५८ मध्ये कंपनीने तो थर काढून पारदर्शक रंग दिला. मध्ये पिवळसर, कडेला लालसर, मावळतीच्या आभाळासारखा. काही मेपलमध्ये तंतू सरळ न जाता लाटेसारखे वरखाली जातात. तंतूंची टोकं जिथे वर येतात तिथे रंग जास्त मुरतो आणि लाकडावर ज्वाळा हलल्यासारखी दिसते. त्यातला लाल रंग उन्हाने उडायचा, त्यामुळे काही गिटारी मधासारख्या, तर काही लिंबासारख्या फिक्या झाल्या. आज लोक त्या फिकेपणावरच भाळतात! १९६० पर्यंतच हा प्रकार निघाला, आणि आता अशी एक गिटार कोटीच्या पुढे जाते.

हौशी लोक घरीही हे करतात. जुना रंग काढायचा, रेषांच्या दिशेनेच पॉलिश पेपर फिरवायचा. आडवा फिरवला तर ओरखडे पडतात आणि त्यातही रंग भरतो. मग आधी काळा किंवा गडद तपकिरी रंग चोळायचा. तो वाळला की वरवरचा घासून काढायचा. खोल मुरलेला तेवढा रेषांत राहतो. त्यावर पिवळा किंवा लाल हात, आणि शेवटी लॅकरचे पातळ पातळ थर. महोगनीची छिद्रं मात्र आधी बुजवावी लागतात. घाई केली की सगळं मुसळ केरात.

पण रंग काढताना रंगापेक्षा मोठं काहीतरी जाऊ शकतं, ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात गिब्सनच्या कलामाझूच्या कारखान्यातले पुरुष सैन्यात गेले. त्या काळात तिथे गिटारी जवळजवळ बनल्याच नाहीत, असं पुढे सांगितलं जाई. मग जॉन थॉमस या कायद्याच्या प्राध्यापकाला १९४४ चा एक फोटो मिळाला. कारखान्यासमोर बसलेल्या सुमारे ७५ बायका! त्यांनी जुनी कागदपत्रं तपासली, हयात असलेल्या आजींना गाठलं आणि २०१२ साली पुस्तक लिहिलं. युद्धकाळातही हजारो वाद्यं कारखान्यातून बाहेर पडली होती, आणि ती बनवण्यात या बायकांचे हात होते. साठ-सत्तर वर्षं याची कुठे दखल नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीतही बायका होत्या, त्यात मेक्सिकन घरांतल्या पुष्कळ. अबिगेल इबारा १९५६ मध्ये तिथे लागल्या आणि गिटारीच्या चुंबकांभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळण्यात त्यांचा हात कुणी धरू शकलं नाही. १९५४ पासूनच्या काही ‘स्ट्रॅटोकास्टर’ गिटारी उघडल्या की आतल्या खोबणीत कागदी चिकटपट्टीचा तुकडा सापडतो. त्यावर तारीख आणि एक नाव, मेरी किंवा ग्लोरिया. आडनाव नाही. ज्या बाईने काम केलं तिची तेवढीच सही.

नव्याने रंगवलेल्या जुन्या गिटारीची किंमत बाजारात निम्म्यावर येते, हे हौशींना पाठ असतं. पट्टी गेली तर काय जातं याचा हिशेब कुणी मांडत नाही. कुणी अशी गिटार रंगवायला काढलीच, तर पॉलिश पेपर हातात घेण्याआधी झाकणाचे स्क्रू काढून आत बघावं, नाव असेल तर फोटो घ्यावा आणि ती खोबण कागद लावून बंद करावी.