दख्खनच्या कहाण्या आणि स्त्रीचा कुंचला

विसाव्या शतकाच्या आरंभी परीकथांना स्त्रियांच्या कुंचल्याने नवे रूप दिले. इंग्लंडात बिॲट्रिक्स पॉटर हिचे सचित्र सशाचे पुस्तक १९०२ साली निघाले आणि घरोघर पोहोचले. पण या परंपरेचा एक धागा त्यापूर्वीच आपल्या दख्खनशी जुळला होता.

१८६५ च्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दक्षिण मराठा मुलुखाच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर कन्या मेरी आणि तिची आया ॲना लिबराटा डिसूझा. आजीच्या तोंडून ऐकलेल्या राजाराणीच्या, राक्षसांच्या गोष्टी ॲनाने सांगाव्यात, मेरीने त्या उतरून घ्याव्यात व पुन्हा तिला वाचून दाखवाव्यात, असा क्रम चालला. १८६८ साली लंडनमध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे मेरीची बहीण कॅथरिन हिची. सांगणारी, लिहिणारी आणि रेखाटणारी, तिघीही स्त्रियाच!

१९१४ साली किंकेडसाहेबांनी आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत नेल्या, तेव्हा चित्रे काढली महादेव विश्वनाथ धुरंधरांनी. चित्रे सुरेख खरीच. परंतु कहाणी बायकांच्या मुखी आणि कुंचला पुरुषाच्या हाती, अशी ती वाटणी होती. पुढे धुरंधरांचीच कन्या अंबिका जे. जे. कलाशाळेत शिकून चित्रकार झाली, तेव्हा ती वाटणी मोडू लागली.

मेरीने ॲनाची जीवनकथाही ग्रंथात घातली, म्हणून तिचे नाव उरले. वाती वळता वळता कहाणी सांगणाऱ्या आपल्या आज्यांची नावे मात्र कोणी टिपली नाहीत.