ज्येष्ठांमधील आत्महत्येचा धोका संशोधक कसा अभ्यासतात? जाणून घ्या

आजी गेल्यानंतर आजोबांचे रोजचे गुड मॉर्निंग मेसेज अचानक बंद झाले. मी काय केलं? प्ले स्टोअरवर ‘डिप्रेशन टेस्ट’ शोधलं. मग वाटलं, संशोधक हे नक्की कसं तपासतात ते आधी बघूया.

पहिली पद्धत सायकॉलॉजिकल ऑटोप्सी. नाव ऐकून दचकू नका, यात शरीराची तपासणी नसते. १९५० च्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसमध्ये एडविन श्नाइडमन आणि सहकाऱ्यांनी ती वापरात आणली. माणूस गेल्यावर नातेवाईक, मित्र, डॉक्टर यांच्याशी बोलून त्याचे शेवटचे महिने जुळवतात आणि त्याच वयाच्या हयात लोकांशी तुलना करतात. नैराश्य, दुखणी, परावलंबन, एकटेपणा हे धोके यातूनच वारंवार पुढे आले. पण घरचे स्वतःला दोष देत असतात, त्यामुळे आठवणीही बदलतात. आणि जो एकटाच राहत होता, त्याच्याबद्दल सांगणार कोण?

दुसरी पद्धत म्हणजे हयात असतानाच विचारणं. जेरियाट्रिक डिप्रेशन स्केलच्या छोट्या आवृत्तीत १५ प्रश्न असतात, उत्तर फक्त हो किंवा नाही. मला आवडलेली गोष्ट अशी, की यात झोप आणि भूक मुद्दाम विचारलेली नाही, कारण म्हातारपणी ती तशीही बिघडते. मात्र आत्महत्येबद्दलही यात थेट प्रश्न नाही, तो वेगळा विचारावा लागतो. ‘विचारलं तर डोक्यात नको ते येईल’ ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही.

आपल्याकडे २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ सर्वेक्षणात ४५ वर्षांवरच्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक लोकांना भेटून तब्येत, मनःस्थिती, घरची परिस्थिती नोंदवली.

आता फोनवाली पद्धत. ॲप दिवसातून अनेकदा ‘आत्ता कसं वाटतंय?’ विचारतं. वर्षातून एकदा होणाऱ्या सर्व्हेत न दिसणारे चढउतार यात पकडता येतात. पण आजोबांनी तर फोनच बाजूला ठेवला होता!

आणि नेमका कोण धोक्यात आहे हे सांगणं? २०१७ मध्ये सर्व वयोगटांच्या ३६५ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा अंदाज नाणेफेकीपेक्षा थोडेच बरे निघाले.

मी ॲप काढून टाकलं. आजूबाजूला कोणी नसताना आजोबांना सरळ विचारलं, “आजोबा, जगणं नकोसं वाटतं का तुम्हाला?” ते बराच वेळ बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

तुमच्या घरी असं काही जाणवलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सेव्ह करा. मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.